ताटातली किल्ली

"कुणासाठी बघताय? मुलासाठी का?" शोरूममधल्या माणसानं आप्पांना विचारलं.

"मुलीसाठी."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि आम्हाला अदबीनं दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, मोपेडच्या रांगेपाशी नेलं. मी परत मोटरसायकलींपाशी येऊन उभी राहिले. त्यानं आम्हाला पुन्हा मोपेडपाशी नेलं. असं तीनदा झाल्यावर आप्पांना दम लागला आणि ते खुर्चीत बसले.

"ताईंना वजन झेपणार नाही," तो आप्पांना म्हणाला. मी दोन हातांवर होते, पण माझ्याशी बोलायचा त्याचा विचार दिसत नव्हता.

"झेपतंय," मी म्हणाले. "लायसन आहे माझ्याकडं. मोटरसायकलवरच काढलंय."

"लायसन वेगळं, गाडी वेगळी," तो आप्पांना म्हणाला.

आप्पांनी मान डोलावली. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला वाहनांतलं सगळं कळतं, अशी तासगावात समजूत होती. आप्पांचीही होती. आयुष्यभर ते गाडीतच राहिले, पण स्टिअरिंगला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. सायकलवरसुद्धा ते कायम मागं बसत.

नव्याण्णव सालचा एप्रिल होता. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला होते. बी.एस्सी. करून दिवसभर दुधातल्या फॅटचं प्रमाण काढायचं. गावोगावच्या संकलन केंद्रांवर फिरणाऱ्या पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली तेव्हा मी अर्ज केला. साहेबांनी तो दोनदा वाचला. अकरा गावं, पहाटे सहाला पहिलं केंद्र, मधे दोन ओढे आणि खडीचा रस्ता. त्या वेळेला तिकडं एसटी नाही. ते म्हणाले, "बाई, चौदा जूनला रूट सुरू करायचाय. त्या दिवशी सकाळी स्वतःच्या गाडीवर इथं हजर व्हा. रूट तुमचा." मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. संघाच्या आवारात चेअरमनांच्या पुतण्याची मोटरसायकल उभी होती. त्यानंही अर्ज केला होता. त्याची गाडी आधीपासूनच हजर होती.

मोपेड त्या ओढ्यात बुडली असती. संघाच्या टँकरवरचे तानाजीमामा त्यांच्या जुन्या मोटरसायकलवर मला दोन महिने शिकवत होते. ते म्हणाले होते, "पहिली गाडी हलकी घे, शंभर सीसीची, चार स्ट्रोक. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. बाकी कुणाचं ऐकू नको."

मी शंभर सीसीचीच निवडली. काळी. दोन्ही पाय व्यवस्थित टेकत होते. काळी गाडी शोरूमच्या दारातच उभी होती, दुसऱ्या दिवशी मिळाली असती.

आई घरी म्हणाली, "काळी न्हाई. तुझं लग्न व्हायचंय अजून."

"गाडीशी करायचंय का?"

"लाल आण."

लाल रंगाला महिन्याभराचं वेटिंग होतं. अक्षय्य तृतीयेला नाव नोंदवलं आणि गाडी सतरा मे रोजी आली. सोळा मेला अधिक महिना लागला होता.

मी गाडी ढकलत अंगणात आणली तेव्हा आई कॅलेंडरपाशीच उभी होती.

"अधिकात नवी वस्तू वापरत नसतात," ती म्हणाली. "पूजा न्हाई, काही न्हाई. तेरा जूनला संपतोय. चौदाला काढ."

"आई, चौदाला मला कामावर जायचंय. सवय कधी करू?"

"चौदाला कर की."

आप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला टाच मारून बघितली आणि आईच्या बाजूनं कौल दिला. गाडी घराच्या पुढच्या सोप्यात उभी राहिली. आईनं तिच्यावर जुनं लुगडं घातलं. सुरू करायलाही बंदी. मी रोज लुगडं बाजूला करून गाडी पुसायचे, परत लुगडं घालायचे आणि गाडीबरोबर आलेली पुस्तिका वाचायचे. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. ओझं घालायचं नाही. पाचशेला ऑइल बदलायचं. दर आठवड्याला चेन बघायची. पुस्तिका पाठ झाली. न चालवलेल्या गाडीची एवढी निगा तालुक्यात कुणी राखली नसेल.

सहा दिवसांनी अक्का आणि दाजी धोंड्याच्या जेवणाला आले.

दाजींचं सावळजला भांड्यांचं दुकान. अधिक महिना म्हणजे जावयाला वाण द्यायचा महिना, तेव्हा भांड्यांच्या दुकानदाराला पाण्याचा घोट घ्यायला सवड नसते. तरीही स्वतःच्या सासुरवाडीला त्यांनी वेळ काढला होता. आल्या आल्या त्यांनी घड्याळ, रुमाल, दुकानाच्या किल्ल्या असं सगळं काढून मागं न बघताच हात लांब केला. अक्कानं ते सगळं आपल्या हातात घेतलं. लग्नापासून हे असंच चाललं होतं. अक्का म्हणजे दाजींचा चालता खिसा होती.

हात धुता धुता दाजींना सोप्यातलं लुगडं दिसलं. त्यांनी ते वर उचललं.

"वैजूबाई, घोडा बांधून ठेवलाय व्हय?"

"अधिक आहे ना, दाजी. चालवायचं नाही."

"बरोबर हाय," दाजी म्हणाले आणि सीटवर बसले. "पण आप्पा, नुसती उभी राहून इंजन बसतंय बघा. ऑइल गोठतं."

हे पुस्तिकेत कुठंही नव्हतं. आप्पांनी मात्र मान डोलावली.

जेवताना चौथ्या धोंड्याला दाजींनी विषय काढला. "दुकानाची लई गडबड हाय. गावोगाव माल पोचवायचा. अधिक संपेपर्यंत मी फिरवतो की. वैजूबाईंना आयती मोकळी झालेली गाडी मिळंल."

मी आईकडं पाहिलं. कॅलेंडर तिच्या बाजूचं होतं.

"आई, अधिकात नवी वस्तू वापरत नसतात ना?"

आईनं विचार केला. मला वाटलं, अडकली. ती म्हणाली, "आपण न्हाई वापरायची. जावई अधिकात नारायण असतो. नारायणाला कसला मुहूर्त?"

शास्त्रात याला उत्तर असेल तर ते मला आजतागायत सापडलेलं नाही. अक्का खाली मान घालून जेवत होती. तिनं माझी बाजू घेतली नाही. मला तिचा राग आला, दाजींपेक्षा जास्त.

जेवण झालं. दाजींना पाटावर बसवलं. ताटात तेहतीस अनारसे, पितळेची समई, टॉवेल-टोपी. आई पळीत पाणी घेऊन तयार.

"वैजे, किल्ली दे त्यांना," आप्पा म्हणाले.

मी खुंटीवरची किल्ली काढली. दाजींनी हात पुढं केला होता. मला त्या हातात किल्ली ठेवावीशी वाटेना. मी ती ताटात टाकली. अनारशांवर. एक अनारसा फुटलासुद्धा.

त्याच क्षणी आईनं तुळशीचं पान ठेवलं आणि ताटावर पाणी सोडलं.

 दाजींनी ताटाला हात लावून नमस्कार केला. आप्पा ताटाकडं बघत होते, तिकिटं मोजून झाल्यावर एक प्रवासी जास्त निघाल्यासारखे. माझ्या काही लक्षात आलं नाही. मी रागात होते.

दाजींनी अक्काला मागं बसवलं, तिच्या मांडीवर समई दिली आणि पहिल्या गिअरमध्येच साठच्या आवाजात कोपऱ्यावरून गेले.

पंधरा दिवसांनी मी दुपारच्या एसटीनं सावळजला गेले. चौदा तारखेला आठवडा राहिला होता. म्हटलं, आता परत आणावी, निदान सोप्यात उभी तरी राहील.

गाडी दुकानापुढं होती. लाल रंग शोधावा लागला. सीटच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या घागरी बांधलेल्या, टाकीवर पोचा, आरसा एकच. शेजारी भिंतीला एक जुनी लेडीज सायकल टेकवलेली होती. तिच्या हँडलला बादल्या आणि कॅरिअरला कढया टांगल्या होत्या, गिऱ्हाइकांना दिसाव्यात म्हणून. अक्का दुकानात बसून ताम्हणं चिंचेनं घासत होती.

मी मीटर पाहिलं. बाराशे सत्तर.

"दाजी, ऑइल बदललं का?"

"बदलायचं असतंय का लगेच?" दाजी गिऱ्हाइकाला निरांजन गुंडाळून देत होते. "नवी गाडी हाय की."

मी चेनच्या झाकणावरचं रबरी बूच काढलं आणि आत बोट घातलं. बोट कोरडं आलं. चेन वाळवणातल्या मिरचीसारखी खडखडीत.

"चेनला तरी तेल घालायचं होतं. आठवड्याला बघायची असते. अक्का, तू तरी सांगायचंस."

अक्का ताम्हण घासत राहिली.

"असू दे," मी म्हणाले. "मी घेऊन जाते आता. किल्ली द्या."

दाजींनी पुड्याला दोरा बांधला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. कसलीही घाई नाही.

"वैजूबाई, वाण हाय ते. वाण परत मागत असतात काय?"

"वाण कुठलं? फिरवायला नेली होती तुम्ही."

"मागितली फिरवायलाच. हातच पुढं केला होता मी. दिलीसा ताटात. पाणी सोडून." त्यांनी गल्ल्यामागच्या कपाटाकडं बोट दाखवलं. कपाटावर ती समई होती. "समई परत मागाल का? टॉवेल?"

"मी चुकून टाकली ताटात."

"मग नारायणाला सांगा चुकून म्हणून," दाजी म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. ते भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं.

"दाजी, मला त्या गाडीशिवाय रूट मिळत नाही."

"मिळंल की. लेडीज माणसाला ऑफिसातलंच काम बरं. सावली असतीया."

मी अक्काकडं पाहिलं. तिच्या हाताला चिंचेचा कोळ लागला होता. ती म्हणाली, "च्या घेतीस का?"

मी चहा घेतला नाही. चारच्या एसटीनं परत आले. सीटवर कुणीतरी केळ्याची साल ठेवली होती, तिच्यावर बसले.

घरी आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"कागद माझ्या नावावर आहेत," मी म्हणाले. "पोलिसात जाऊन सांगते."

"काय सांगशील? दाजींनी वाण घेतलं म्हणून?" आप्पा म्हणाले. "वैजू, तिकीट एकदा फाटलं की फाटलं. पेटीत परत जात न्हाई. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग त्याच दिवशी बोलायचं होतं."

"पाण्याच्या मधे कसं बोलणार?"

आई म्हणाली, "तुला हातात द्यायला काय झालं होतं?"

हे ती रोज विचारत राहिली. मी तानाजीमामांची गाडी मागितली, पण आता त्यांची टँकरची पाळी मिरजेला लागली होती आणि गाडीही त्यांनी तिकडंच नेली होती. शोरूममध्ये जाऊन आले. काळी गाडी होती. दुसरी गाडी घेण्याची माझी ऐपत नव्हती, हे त्या माणसाला माझ्याकडं न बघताच कळलं.

शनिवारी साहेबांनी विचारलं, "तयारी झाली का बाई?"

"झाली साहेब," मी म्हणाले. आवारात पुतण्या आपली गाडी सुरू ठेवून पुसत होता. तिचं ऑइल वेळच्या वेळी बदललेलं होतं, आवाजावरनं कळत होतं.

रविवारी तेरा जूनला अमावास्या होती आणि अधिकाचा शेवटचा दिवस. अधिकात लग्न झालेली लेक आईची ओटी भरते. अक्काचं दुकानाच्या गडबडीत राहून गेलं होतं, म्हणून ती त्या दिवशी आली. दाजींनीच गाडीवरून आणलं. गाडी दारात आली ती आवाजासकट. पिठाच्या गिरणीला सर्दी झाल्यासारखा आवाज होता.

मी मोरीत जाऊन कपडे धुवायला बसले. मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं.

"वैजे, पाट मांड," आईनं हाक मारली. मांडला.

दाजींनी नेहमीसारखं घड्याळ, रुमाल, किल्ल्या काढून हात मागं केला. अक्कानं घेतलं. दाजी पाय धुऊन आप्पांशेजारी खाटेवर टेकले आणि या अधिकात किती ताम्हणं खपली ते सांगू लागले.

आई पाटावर बसली. अक्कानं तिला हळदकुंकू लावलं. आईनं पदर पसरला. अक्कानं ओंजळीनं गहू घातले, मग खण, मग नारळ, सुपारी, हळकुंड. पाचवी ओंजळ घालताना टक् असा आवाज झाला. धातू नारळावर आपटल्याचा.

आई पदरात बघत होती. मी आईकडं बघत होते. अक्कानं आईच्या पायावर डोकं ठेवलं. उठून तिनं पदर खोचला.

"काय पडलं गं?" आप्पांनी विचारलं.

"किल्ली हाय," अक्का म्हणाली. "गाडीची."

दाजींचं ताम्हण अर्ध्यात थांबलं.

"अगं, चुकून पडली असंल. काढ ती." दाजी उठले. "सासूबाई, तेवढी किल्ली..."

आईनं पदराची दोन टोकं घट्ट धरली होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.  एका बाजूला जावई नारायण होता. दुसऱ्या बाजूला भरलेली ओटी. मला वाटलं, आता कॅलेंडर बघायला उठेल.

"जावईबापू," आई म्हणाली, "ओटीतलं परत मागत नसतात."

"पण ते वाण..."

"वाण तुम्हाला मिळालं. तुमचं होतं. तुमच्या बायकोनं ओटीत घातलं. आता माझं हाय."

दाजींनी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"साडेपाचची सावळज हाय," आप्पा म्हणाले. "रविवारी गर्दी असतीया. आत्ता निघाला तर खिडकी मिळंल. मी येतो स्टँडवर, कंडक्टर ओळखीचा हाय."

दाजी भांडले नाहीत. त्यांच्याकडं शास्त्रच होतं आणि ते नेमकं पदरात पडलं होतं. ते चपला शोधायला बाहेर गेले. घड्याळ आणि रुमाल अक्काकडंच राहिले.

आईनं नारळ, खण, गहू सुपात काढलं. मग किल्ली माझ्या हातात ठेवली. हातात. "उद्या सकाळपर्यंत गाडीला शिवू नको," ती म्हणाली. "अमावास्या हाय."

मी अक्कामागं दारापर्यंत गेले. दाजी आणि आप्पा पुढं निघाले होते.

"अक्का, तुला घरी बोलतील."

"बोलतील." तिनं घड्याळ रुमालात गुंडाळलं. "चेनला तेल घातलंय मी. झाकणातनं. तू म्हणालीस तसं."

"अक्का, त्या दिवशी जेवताना तू काहीच बोलली नाहीस."

"काय बोलणार? तुझं बघून माझंच आठवलं. माझ्या पहिल्या अधिकाला ताटात काय घातलं होतं, आठवतंय का तुला?"

मला आठवेना. अक्काचं लग्न झालं तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

"माझी सायकल," ती म्हणाली. "हायस्कूलला जायची ती. आप्पांनी हँडलला हार घातलेला."

ती सायकल मला चांगली आठवत होती. ती कुठं गेली हे मात्र अकरा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. गेल्याच आठवड्यात मी तिच्याशेजारी उभी होते. तिच्या हँडलला बादल्या होत्या.

"तवा ओटीत घालायचं सुचलं न्हाई," अक्का म्हणाली. "आणि ती मावलीपण नसती." मग ती दाजींच्या मागं पळत गेली, कारण एसटीची वेळ झाली होती आणि घड्याळ तिच्याकडं होतं.

चौदा तारखेला पहाटे पाचला आईनं गाडीची पूजा केली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी आठव्या किकला सुरू झाली. आप्पा न विचारता मागं बसले. म्हणाले, संघापर्यंत येतो, परत चालत येईन. मी क्लच दाबून बसले होते. मागून आप्पांनी सीटच्या कडेला दोनदा टकटक केलं. बत्तीस वर्षं त्यांनी याच खुणेवर गाड्या सोडल्या होत्या. मी क्लच सोडला. गाडी एकदा आचका देऊन निघाली.

साहेब आवारात उभे होते. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली. पोचा बघितला, आरसा बघितला, सायलेन्सरचा निळसर धूर बघितला.

"बाई, जुनी घेतलीत का?"

"नाही साहेब. महिन्यापूर्वीची आहे."

 साहेबांनी नमुन्यांच्या बाटल्यांची पेटी माझ्या हातात दिली आणि पुतण्याला प्रयोगशाळेचा रस्ता दाखवला.

त्या गाडीनं नंतर अकरा वर्षं माझ्याकडं ऑइल प्यायलं. दोनदा इंजिन खोललं. दर वेळी मेकॅनिक विचारायचा, "मॅडम, पहिले हजार किलोमीटर कुणी चालवली ही?" मी सांगायचे, नारायणानं. तो आडनाव विचारायचा.

पण ते पुढचं. त्या पहिल्या सकाळी दुसऱ्या गावात पोचेपर्यंत माझ्यामागं चार कुत्री लागली होती. ती टायरला चावत नव्हती की भुंकत नव्हती, नुसती चेनकडं नाक करून धावत होती. तिसऱ्या केंद्रावर मी थांबून चेनच्या झाकणाचं बूच काढलं. आत बोट घातलं. बोट तेलकट आलं. वास घेतला.

शेंगदाण्याचं तेल होतं. घाण्याचं, नुकतं काढलेलं.

चेनला गिअर ऑइलशिवाय दुसरं काहीही वापरू नये, असं पुस्तिकेत ठळक अक्षरात छापलंय. खायच्या तेलावर धूळ बसते, कड्या झिजतात. रॉकेलनं ताबडतोब धुवायला हवं होतं, हे मला पाठ होतं. मी बूच परत बसवलं. आठवडाभर ती चेन मी पुसली नाही.